जनसंपर्कात नुसत्या ओळखी पुरत नाहीत

जनसंपर्क म्हणजे पत्रकारांचे नंबर आणि गोड बोलणे, असा समज आहे. ओळखी लागतातच, पण माणसाचा कस लागतो तो अडचणीच्या दिवशी. २०१५चे मॅगी प्रकरण आठवा. शिशाच्या बातम्या मे महिन्यापासून येत होत्या. नेस्लेचे जागतिक प्रमुख पॉल बुल्के दिल्लीत पत्रकारांसमोर आले ५ जूनला, देशभर बंदीचा आदेश निघाला त्याच दिवशी. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बंदी रद्द केली. मॅगी दुकानांत परतायला नोव्हेंबर उजाडला.

अशा उशिराचे खापर जनसंपर्क अधिकाऱ्यावर फुटते. कधी बोलायचे हे मात्र वरच्या केबिनमध्ये ठरते. म्हणून नोकरी घेताना पगाराआधी विचारा: माझे रिपोर्टिंग थेट प्रमुखांना, की मार्केटिंगला? मार्केटिंगला असेल, तर इंग्रजी कितीही फर्डे असो, वाट्याला बहुधा प्रेसनोटच येतात.