निमंत्रण न आलेला अजिंक्य संघ

१९५१ साली युनिव्हर्सिटी ऑफ सॅन फ्रान्सिस्को या जेझुइट विद्यापीठाचा फुटबॉल संघ नऊ सामने खेळला आणि नऊही जिंकला. (फुटबॉल म्हणजे येथे अमेरिकन फुटबॉल, लांबट चेंडू हातात धरून धावण्याचा.) संघाचे टोपणनाव डॉन्स, प्रशिक्षक जो कुहारिच. ऑली मॅटसनने त्या हंगामात चेंडू घेऊन १,५६६ यार्ड धाव घेतली; देशात कोणाही महाविद्यालयीन खेळाडूपेक्षा अधिक. बचावफळीत बर्ल टोलर आणि महायुद्धात लढून आलेला जिनो मार्केटी होते. मॅटसन, मार्केटी आणि बॉब सेंट क्लेअर हे तिघे पुढे व्यावसायिक फुटबॉलच्या सन्मानदालनात गेले. एकाच महाविद्यालयीन संघातले तिघे, ही गोष्ट साधी नव्हे.

त्या काळी हंगाम संपल्यावर, नववर्षाच्या सुमारास, निवडक संघांना ‘बोल’ सामन्यांची निमंत्रणे येत. त्यात मान होता आणि पैसाही. डॉन्सला पैशाची निकड होती, कारण फुटबॉल विभाग तोट्यात होता. निमंत्रण मात्र एकही आले नाही. मायामीच्या ऑरेंज बोलमध्ये जॉर्जिया टेक आणि बेलर खेळले. बेलर त्या हंगामात एक सामना हरलेला होता.

खेळाडूंनी पुढे वारंवार सांगितलेली हकीकत अशी : मॅटसन आणि टोलर या दोघा कृष्णवर्णीयांना घरी ठेवून आलात तर दक्षिणेत खेळता येईल, असे संघाच्या कानावर घालण्यात आले. संघाने नकार दिला. त्यासाठी मतदान घेण्याचीही गरज कोणाला वाटली नाही.

या हकिकतीवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो. अशा अटीचे पत्र कोठे आहे? डॉन्सचे प्रतिस्पर्धी दुबळे होते, म्हणून त्यांना वगळले, असे कारण तेव्हाही दिले गेले. आक्षेपात तथ्य आहे. सॅन होजे स्टेटशी ते दोनदा खेळले, दोन सामने लष्करी तळांवरील संघांशी झाले. स्टॅनफर्ड किंवा बर्कलीचे नाव वेळापत्रकात नव्हते. क्रमवारीत त्यांचे स्थान चौदावे होते.

तरीही पत्र नाही म्हणून अट नव्हती, हा निष्कर्ष टिकणारा नाही. दक्षिणेतील या वहिवाटीला ‘सभ्य गृहस्थांचा करार’ म्हणत. उत्तरेकडील संघाने आपले कृष्णवर्णीय खेळाडू न आणणे, हा त्याचा गाभा. करार तोंडी असे. तो कागदावर न उतरणे हेच त्याचे बळ होते. यजमानाला नकार द्यावा लागत नसे, पाहुण्याला अपमान नोंदवता येत नसे. असा पुरावा दप्तरात शोधणाऱ्याने करार करणाऱ्यांचीच सोय चालू ठेवली, असे म्हणावे लागेल. ‘सभ्य’ हा शब्दही त्यांचाच.

वहिवाट कधीकधी उघडीही पडे. १९४६ मध्ये कृष्णवर्णीय खेळाडूंना मैदानात उतरू न देण्यावरून पेन स्टेटने मायामीतील सामनाच रद्द केला. दोन वर्षांनी तोच संघ त्याच खेळाडूंसह डॅलसच्या कॉटन बोलमध्ये खेळला. टेक्सासही दक्षिणच. म्हणजे यजमानांच्या मनात असेल तेव्हा रूढी मोडता येत होती. डॉन्ससाठी ती कोणी मोडली नाही, आणि ‘काळच तसा होता’ हे स्पष्टीकरण म्हणूनच अपुरे पडते.

ही कथा आज बहुधा मैत्रीची गोड गोष्ट म्हणून सांगितली जाते. त्या सांगण्यात नकार देणाऱ्यांची नावे राहतात. अट घालणारे मात्र निनावी सुटतात. नकाराची किंमतही मागे पडते. त्या हंगामानंतर विद्यापीठाने फुटबॉल बंद केला. बोल सामन्याच्या पैशाने तो वाचलाच असता असे ठामपणे म्हणता येत नाही, पण ती आशा होती आणि खेळाडूंना ती ठाऊक होती.

मॅटसनने १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये ४०० मीटर शर्यतीत कांस्यपदक व रिले शर्यतीत रौप्यपदक मिळवले. टोलरचे खेळणे त्याच वर्षी गुडघ्याच्या दुखापतीने संपले. तो शिक्षक झाला, पुढे मुख्याध्यापक. १९६५ मध्ये तो एनएफएलचा पहिला कृष्णवर्णीय सामनाधिकारी म्हणून मैदानावर परतला. तेव्हा एनएफएलचे आयुक्त होते पीट रोझेल. १९५१ मध्ये हेच गृहस्थ डॉन्सचे प्रसिद्धी अधिकारी होते.