सहा खोल्यांचा हिशेब



गेल्या हिवाळ्यात एका रविवारी माझा भाचा घरी आला, तो हातात कागदांची पिशवी घेऊनच. कारखान्यातून स्वेच्छानिवृत्ती घेतल्यावर त्यास बारा लाख रुपये मिळाले होते. शहापूरहून शेणव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत सहा खोल्यांची बैठी चाळ विक्रीस होती. किंमत तीस लाख. बारा लाख स्वतःचे घालावयाचे आणि अठरा लाख कर्ज काढावयाचे, असा त्याचा बेत होता. "मामा, दर खोलीस साडेतीन हजार धरले तरी महिना एकवीस हजार भाडे येते. कर्जाचा हप्ता साडेएकोणीस हजारांच्या आत आहे. चाळ स्वतःचे कर्ज स्वतःच फेडील," असे तो मोठ्या उत्साहाने म्हणाला. त्या बारा लाखांखेरीज त्याच्यापाशी दुसरी पुंजी नाही आणि कन्या अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते आहे.

बँकेच्या कर्जविभागात बसून हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकले आहे. आपल्या वाचकांपैकीही पुष्कळजण निवृत्तीची रक्कम अशा चार-सहा खोल्यांत गुंतविण्याच्या विचारात असतात. म्हणून भाच्यास जे सांगितले, तेच येथे क्रमाने मांडतो.

पहिला प्रश्न किमतीचा नसून भाडेकरूचा आहे. या खोल्यांत राहणार कोण? वासिंद, आसनगाव, आटगाव या स्थानकांजवळ लोकलने कल्याण-ठाण्यास जाणारा नोकरदार खोली शोधतो. मुरबाडला औद्योगिक वसाहतीतील कामगार असतो. शेणवा, किन्हवली, डोळखांब अशा आतल्या गावांत मात्र मागणी मुख्यत्वे शिक्षक, आरोग्यसेवक, बँक वा शासकीय कर्मचारी यांची. ही माणसे भाडे वेळेवर देतात, पण संख्येने थोडी असतात आणि बदलीचा हुकूम आला की जातात. एक खोली रिकामी झाल्यावर दुसरा भाडेकरू मिळण्यास किती महिने लागतात, हे दलालास न विचारता शेजारच्या चाळमालकास विचारावे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा अखेरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला. कल्याण-मुरबाड रेल्वेची चर्चा तर वर्षानुवर्षे चालू आहे. अशा वार्तांनी जमिनीचे भाव आजच चढतात. भाडे मात्र माणसे प्रत्यक्ष राहावयास आल्यावरच वाढते. उद्याच्या रेल्वेची किंमत आज मोजू नये.

दुसरा प्रश्न कागदांचा. ग्रामपंचायतीचा नमुना ८ ही कर-आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. घर गावठाणात असेल तर मिळकतपत्रिका पाहावी. गावठाणाबाहेर असेल तर सातबारा, फेरफार आणि बिनशेतीचा आदेश पाहावा. सातबारावर 'भोगवटादार वर्ग २' असा शेरा असल्यास हस्तांतरणावर निर्बंध असतात. 'इतर हक्क' हा रकाना तर भिंग लावून वाचावा. कुळाचे नाव, जुना बोजा, वनाची नोंद तेथेच सापडते. शहापूर तालुका आणि मुरबाडचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात मोडतो. आदिवासी खातेदाराची जमीन बिगरआदिवासी व्यक्तीस पूर्वपरवानगीवाचून घेता येत नाही. आडमार्गाने घेतलेली जमीन मूळ खातेदारास परत देण्याची तरतूद कायद्यात आहे, आणि ती न्याय्यही आहे. अशा जमिनीवरील चाळ कितीही स्वस्त मिळाली तरी घेऊ नये. बांधकाम परवानगीच्या जागी केवळ ग्रामपंचायतीचा नाहरकत दाखला दाखविला गेला, तर तेथेच थांबावे. मागील तीस वर्षांचा शोध अहवाल आपल्या वकिलाकडून घ्यावा, विक्रेत्याच्या वकिलाकडून नव्हे. बँकेने कागद पाहून कर्ज नाकारले तर रागावू नये. तो फुकट मिळालेला सल्ला समजावा.

तिसरा प्रश्न पाण्याचा. भातसा, तानसा आणि मोडकसागर ही मुंबईस पाणी देणारी धरणे शहापूर तालुक्यातच आहेत, आणि तरीही याच तालुक्यातील गावपाड्यांवर उन्हाळ्यात टँकर धावतात. पावसाळ्यात काठोकाठ भरलेली विहीर पाहून व्यवहार करणारा चैत्रात पस्तावतो. या भागातील घर मे महिन्यात पाहावे, आणि गळके छप्पर शोधण्यासाठी पुन्हा एकदा जुलैमध्ये पाहावे.

आता हिशेब. महिना एकवीस हजार म्हणजे वर्षाचे २,५२,००० रुपये. सहाही खोल्या बाराही महिने भरलेल्या राहत नाहीत. रिकामेपणासाठी दहा टक्के वजा केल्यास २,२६,८०० उरतात. रंग, कौले, शौचालय, पंप यांच्या दुरुस्तीस २५,०००, उन्हाळ्यातील पाण्यास १८,००० आणि घरपट्टी, विमा, सामाईक दिवाबत्ती यांस १४,८०० धरले, तर हाती निव्वळ १,६९,००० येतात. तीस लाखांवर हा परतावा साडेपाच टक्क्यांहून किंचित अधिक. उलट अठरा लाखांच्या कर्जाचा दहा टक्के दराने, पंधरा वर्षांचा हप्ता १९,३४३ रुपये होतो, म्हणजे वर्षास सुमारे २,३२,०००. दरवर्षी सुमारे त्रेसष्ट हजारांची तूट! चाळ आपले कर्ज फेडणार नाही. भाच्याच्या घरखर्चातून ते फेडले जाईल, आणि घरखर्चात कन्येचे शुल्कही आहे.

कर्ज नऊ लाखच असते, तर वर्षाचे हप्ते सुमारे १,१६,००० झाले असते आणि निव्वळ भाडे त्यांच्या जवळजवळ दीडपट भरले असते. नवोदितांनी हेच माप ठेवावे: निव्वळ भाडे हप्त्याच्या सव्वा ते दीडपट असावे आणि सहा हप्त्यांइतकी रक्कम बाजूस असावी. प्राप्तिकरात घरपट्टी वजा केल्यावर उरलेल्या भाड्यावर तीस टक्के प्रमाणित वजावट मिळते; भाड्याने दिलेल्या घराच्या कर्जाचे व्याजही वजा होते. परंतु नव्या करप्रणालीत घराचा तोटा निवृत्तिवेतनासारख्या अन्य उत्पन्नातून वजा करता येत नाही, हे ध्यानी असावे.

करारासंबंधी एक गैरसमज सर्वत्र आढळतो. अकरा महिन्यांचा करार असल्यास नोंदणी लागत नाही, असे अनेकजण मानतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे भाडेकरार आणि 'लीव्ह अँड लायसन्स' करार लेखी व नोंदणीकृत असलाच पाहिजे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार नोंदलेला नसेल तर वाद उद्भवल्यावर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, विरुद्ध सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. मुद्रांकशुल्क एकूण भाड्यावर आणि परत करावयाच्या अनामतीवरील दहा टक्के कल्पित व्याजावर अवघे पाव टक्का आहे. नोंदणीशुल्क ग्रामीण भागात पाचशे रुपये. एवढ्या बचतीसाठी वर्षानुवर्षांचा वाद पत्करू नये. प्रत्येक खोलीस स्वतंत्र वीजमीटर घ्यावे आणि भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्यात द्यावी.

अनामत रक्कम ही आपली मिळकत नाही. ती वेगळ्या खात्यात ठेवावी आणि खोली सोडताना त्याच दिवशी परत करावी. आपल्यापैकी काहीजण भाडेकरूचा आहार, जात, आडनाव विचारून खोल्या महिनोन्महिने रिकाम्या ठेवतात. माझ्या अनुभवात भाडे बुडविणाऱ्यांची आणि नेमाने देणाऱ्यांची वाटणी आडनावावरून कधीच झालेली दिसली नाही. माणसाची नोकरी, मागील मालकाचा अभिप्राय आणि दिलेला शब्द पाळण्याची सवय एवढे पाहावे.

भाच्यास हे सारे लगेच पटले नाही. "मामा, तुम्ही बँकवाले प्रत्येक गोष्टीत तोटाच पाहता," असे तो म्हणाला. मी एवढीच विनंती केली, की बयाणा देण्यापूर्वी मे महिन्यात एकदा आपण दोघे जाऊन येऊ. गेलो, तेव्हा सहापैकी दोन खोल्यांना कुलूप होते. विहिरीचा तळ दिसत होता. तिसऱ्या खोलीतील भगिनींनी आम्हांस पाणी दिले आणि संकोचाने सांगितले, की पिण्याचे पाणी त्या विकत घेतात व पावसाळ्यानंतर खोली सोडणार आहेत. विक्रेत्याकडे बिनशेतीचा आदेश मागितला, तो "काढावयास टाकला आहे" असे उत्तर मिळाले.

परतीच्या वाटेवर भाचा बराच वेळ काही बोलला नाही. आसनगाव स्थानकावर चहा घेताना म्हणाला, "मुलीच्या शुल्काची दोन वर्षांची रक्कम आधी मुदतठेवीत टाकतो." तेवढी रक्कम त्याने दुसऱ्याच आठवड्यात ठेविली. उरलेल्या पैशांत, लहान कर्ज घेऊन, वासिंदजवळ तीन खोल्यांचे घर तो सध्या पाहत आहे. कागद माझ्या टेबलावर आहेत. 'इतर हक्क' रकाना अजून वाचून व्हावयाचा आहे.

पुढील अंकी भाडेकरारातील आवश्यक कलमांविषयी लिहीन. तोवर ज्यांचा व्यवहार ठरत आला असेल, त्यांनी बयाण्यापूर्वी वरील हिशेब स्वतःच्या आकड्यांनी एकदा कागदावर मांडून पाहावा, ही नम्र विनंती.