ताप, पुरळ आणि न विचारलेला प्रश्न

टॉक्सिक शॉक सिंड्रोमच्या निदानासाठी अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राने, जे निकष ठरवले आहेत त्यांतला एक वाचणाऱ्याला बुचकळ्यात टाकतो. ताप 102 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त, अंगभर उन्हाने भाजल्यासारखी लाली, वरचं बीपी 90 किंवा त्याखाली, आणि पोट, स्नायू, मूत्रपिंड, यकृत, प्लेटलेट्स, मेंदू अशा किमान तीन ठिकाणी बिघाड. इथवर ठीक. पण केस ‘निश्चित’ म्हणून नोंदवायची तर पुरळ उठल्यावर एक-दोन आठवड्यांनी कातडी सोलून निघाली पाहिजे, विशेषतः तळहात-तळपायांची. तोवर पेशंट बरी होऊन घरी तरी गेलेली असते, नाहीतर दगावलेली असते. हे निकष साथ मोजणाऱ्यांसाठी आहेत. खाटेपाशी उभ्या डॉक्टरला त्यांच्यासाठी थांबून चालत नाही.

रक्ताचं कल्चरही बहुतेक वेळा हात वर करतं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू योनीतच वाढत राहतो आणि रक्तात उतरतं ते त्याचं विष. रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो आणि पेशंट मात्र खालावत जाते. अशा वेळी निदानाची वाट एका साध्या प्रश्नातून जाते: पाळी चालू आहे का, आणि टॅम्पॉन किंवा कप आत आहे का?

हा प्रश्न डॉक्टरांनाही उशिराच सुचला. 1978 मध्ये डेन्व्हरच्या जेम्स टॉड या बालरोगतज्ज्ञाने या आजाराला नाव दिलं, ते 8 ते 17 वयाच्या सात मुलांवरून. त्यांत मुलगेही होते, त्यामुळे पाळीकडे लक्ष जाण्याचं कारण नव्हतं. मग विस्कॉन्सिन आणि आसपासच्या राज्यांतून धडधाकट तरुणी अचानक कोसळल्याच्या बातम्या येऊ लागल्या. मे 1980 मध्ये सीडीसीने 55 रुग्णांचा अहवाल छापला. त्यांतल्या 52 बायका. पाळीची माहिती मिळाली होती त्या 40 जणींपैकी 38 जणींचा आजार पाळी सुरू झाल्यापासून पाच दिवसांच्या आत उफाळलेला. उरलेल्या 12 जणींच्या पाळीची माहितीच हाती नव्हती, हेही त्याच अहवालातून कळतं.

संशयाची सुई जास्त शोषणाऱ्या टॅम्पॉनवर आली, त्यातही ‘रिलाय’वर. प्रॉक्टर अँड गॅम्बलच्या या टॅम्पॉनमध्ये कापसाऐवजी पॉलिएस्टर फोमचे तुकडे आणि कार्बॉक्सिमिथाइल सेल्युलोज होतं. तो बराच वेळ आत राहू शकतो, हाच त्याचा गुण मानला जात होता. सप्टेंबर 1980 मध्ये कंपनीने तो बाजारातून काढून घेतला. पण धोका एका ब्रँडपुरता नव्हता. टॅम्पॉनबरोबर आत हवा जाते, हवेतला ऑक्सिजन मिळाला की हा जंतू विष बनवू लागतो, आणि पाळीच्या रक्ताने योनीतली नेहमीची आम्लताही कमी झालेली असते.

त्या विषाचं नाव टीएसएसटी-1. एरवीच्या संसर्गात शरीरातल्या दहा हजारांतली एखादी टी-पेशी जागी होते. हे विष एकाच वेळी पाचव्या हिश्शापर्यंत पेशी उठवतं. रक्तवाहिन्या गळू लागतात, बीपी कोसळतं आणि सलाईनच्या बाटल्यांमागून बाटल्या चढवाव्या लागतात. बहुतेक प्रौढांच्या रक्तात या विषाविरुद्धची प्रतिपिंडं असतात, म्हणून आजार विरळा. ज्यांच्याकडे ती तयार झालेली नाहीत त्यांना धोका, आणि त्यांत किशोरवयीन मुली जास्त.

2012 मध्ये कॅलिफोर्नियातली लॉरेन वॉसर ही 24 वर्षांची मॉडेल फ्लू समजून झोपून राहिली. पोलीस घरात शिरले तेव्हा ती जमिनीवर पालथी पडलेली होती. इस्पितळातही काही उलगडत नव्हतं. संसर्गरोगतज्ज्ञ आले आणि त्यांनी विचारलं, हिच्या आत टॅम्पॉन आहे का? होता. ती वाचली, पण उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला आणि 2018 मध्ये डावाही.

आपल्याकडे टॅम्पॉन वापरतं कोण, असं कुणी म्हणेल. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 24 वयाच्या मुलींमध्ये टॅम्पॉन वापरणाऱ्या 1.7 टक्के आणि कप वापरणाऱ्या 0.3 टक्के निघाल्या. देशाच्या लोकसंख्येत तेवढ्याही मुली थोड्या नव्हेत. कपाला घाबरून जाण्याचं कारण नाही. 2019 मध्ये ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’मध्ये आलेल्या जगभरच्या आढाव्यात कपाशी जोडलेल्या टॉक्सिक शॉकच्या पाचच केसेस सापडल्या. कप वापरावा, वेळेवर रिकामा करून धुवावा आणि हा आजार माहीत असावा.

अडचण ओपीडीत आहे. सीडीसीच्या निकषांत लेप्टोस्पायरोसिस नाही ना, हे तपासायला सांगितलं आहे. पावसाळ्यात मुंबईत किंवा कोकणात ताप, अंगदुखी, उलट्या, उतरलेल्या प्लेटलेट्स घेऊन आलेल्या मुलीच्या बाबतीत डॉक्टरच्या मनात आधी डेंग्यू आणि लेप्टोच येतो, आणि यायलाच हवा. पण तिथेच विचार थांबतो. मुलगी बाबांबरोबर किंवा भावाबरोबर आलेली असते, ‘अडचण आलीय’ हे त्यांच्यासमोर ती बोलणार नाही, आणि तापाच्या केसपेपरवर पाळीची तारीख लिहायची पद्धत नाही. पोटात दुखलं तर ती तारीख विचारतात, मग ताप आणि लो बीपी असताना का विचारू नये? सोबतच्यांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगणं एवढंच त्यासाठी लागतं, आणि ते काम ओपीडीतली सिस्टरही करू शकते.

प्रश्न वेळेवर विचारला तर पुढचं बरंच हातात असतं. टॅम्पॉन किंवा कप लगेच काढायचा, भरपूर सलाईन आणि स्टॅफिलोकॉकसवरच्या अँटिबायोटिकच्या जोडीला क्लिंडामायसिन, कारण ते विषाची निर्मितीच रोखतं. शिवाय जखम, भाजणं, नाकात घातलेलं पॅकिंग यांतूनही हा आजार पुरुषांना, मुलांना होतो, हेही विसरायला नको.

बरं झालं म्हणजे सुटलो, असंही नाही. पुष्कळ जणींच्या शरीरात आजारानंतरही प्रतिपिंडं तयार होत नाहीत आणि पुढच्या एखाद्या पाळीत तो पुन्हा गाठतो. म्हणून डिस्चार्ज कार्डावर औषधांच्या यादीखाली ‘टॅम्पॉन आणि कप बंद’ असं स्पष्ट लिहून द्यायला हवं, आणि ते का, हे त्या मुलीला तिच्या भाषेत सांगायला हवं.