भरतीच्या उंबरठ्यावरील विद्यामंदिरे

बीडजवळच्या पाली येथे बिंदुसरा धरणाच्या भिंतीवर उभे राहून कोणी समुद्राच्या वाढीची चिंता करू लागला, तर लोक त्यास हसतील. तलाव भरेल की नाही, हीच ज्या जिल्ह्याची विवंचना, त्यास सागराचे काय? परंतु येथील मुलेही उच्च शिक्षणासाठी मुंबईची वाट धरतात, आणि तेथील काही महाविद्यालये समुद्राच्या अगदी समोर उभी आहेत.

गिरगाव चौपाटीसमोरील विल्सन महाविद्यालयाचेच उदाहरण घ्यावे. संस्था १८३२ सालची, तर तिची दगडी वास्तू १८८९ ची. ती उभी राहिली तेव्हा समुद्र आपली मर्यादा सोडील, अशी शंका कोणास येण्याचे कारण नव्हते. परंतु हवामानबदलाचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालाप्रमाणे १९०१ ते २०१८ या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे २० सेंटिमीटरने चढली. २००६ पासून तर हा वेग वर्षाला ३.७ मिलिमीटर झाला. तापलेले पाणी प्रसरण पावते आणि हिमनद्या वितळतात, ही त्याची प्रमुख कारणे होत.

वीतभर वाढीने काय बिघडणार, असे कोणी म्हणेल. पण मुंबईचे पावसाचे पाणी समुद्रातच सोडावे लागते, आणि भरती चढली की नाल्यांची मुखे तुंबतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भरतीने संकटात भर घातली. पातळी वाढेल तसतसा हा अडसर अधिक काळ टिकेल. अशा वेळी केवळ उंच भिंत बांधणे म्हणजे आतले पाणी आतच कोंडणे होय.

म्हणून आमच्या मते किनाऱ्यावरील प्रत्येक महाविद्यालयाने विजेची मुख्य यंत्रणा, प्रयोगशाळेतील उपकरणे, दुर्मिळ ग्रंथ व विद्यार्थ्यांचे दप्तर तळमजल्यावरून वर हलवावे. अंगणे फरसबंद न करता पाणी मुरण्यास मोकळी ठेवावीत. आणि पावसाळ्यातील परीक्षा भरतीचे कोष्टक पाहून ठरवाव्यात. यास फार मोठा खर्च नाही. मात्र पंप व निचऱ्याची कामे अनुदानावर चालणाऱ्या संस्थांच्या आवाक्याबाहेरची आहेत. तो भार शासनाने उचलला पाहिजे, आणि त्यासाठी प्रत्येक आवाराची पाहणी आजच हाती घेतली पाहिजे.

धरण बांधणारा सांडव्याची उंची पूर आल्यावर ठरवीत नाही. पालीच्या माणसास जे कळते, ते मुंबईच्या कारभाऱ्यांस कळू नये काय?