शपथेने दारू सुटत नाही

उद्यमनगरातील एका ओतशाळेत साचे भरणारा एक कामगार काही वर्षांपूर्वी आमच्या शाखेत होता. गेटसभेला सर्वांत आधी हजर, वर्गणीत कधी मागे नाही. पण दारूच्या पुरता आहारी गेलेला. शेवटी शाखेची बैठक बसली. त्याला सर्वांसमोर उभे करण्यात आले, मुलीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घ्यावयास लावण्यात आली आणि त्या रात्रीपासून दोन कार्यकर्ते त्याच्या खोलीवर पाहऱ्यास बसले. दुसऱ्या दिवशी त्याचे हात थरथरू लागले, अंगाला दरदरून घाम सुटला. आम्ही म्हणालो, नाटक करतो आहे. त्या रात्री त्याला फिट आली. शेजारी राहणाऱ्या एका परिचारिकाबाईंनी आम्हाला खडसावून रिक्षा आणावयास लावली, म्हणून तो वाचला. त्याच्या वाचण्यात आमच्या क्रांतिकारक निर्धाराचा काही वाटा नव्हता. त्याच्या मरणात मात्र तो निश्चित असता.

हा प्रसंग आज सांगण्याचे कारण असे की, आपल्या कार्यकर्त्यांच्या तोंडी ‘बेवडा’ हा शब्द अजून सहज येतो. जातीवरून माणसाला हिणविणाऱ्याला आपण बैठकीतून उठवून लावू. पण व्यसनी माणसाला हिणविण्यात आपल्याला काही वावगे वाटत नाही. माणूस व्यसनी का होतो, हा प्रश्न आपण गंभीरपणे विचारलेलाच नाही.

या प्रश्नाची दोन तयार उत्तरे आहेत. पहिले सनातनी उत्तर : नीतिमत्ता ढासळली, संस्कार कमी पडले, म्हणून माणूस पितो. दुसरे आपल्या व्यासपीठावरचे : भांडवलदारी व्यवस्था पिळून काढते, म्हणून कामगार पितो. पहिले उत्तर खोटे आहे, दुसरे अर्धे आहे. आणि अर्ध्या उत्तरावर विसंबून राहणे चळवळीला महाग पडते.

दुसऱ्या उत्तरातले खरे काय, ते आधी पाहू. एंगेल्सने १८४५ साली इंग्लंडमधील कामगारवर्गाच्या स्थितीवर लिहिताना दारूबाजीचा दोष कामगाराच्या स्वभावाकडून काढून त्याच्या जगण्याच्या परिस्थितीकडे नेला, तो योग्यच होता. ओतशाळेत वितळलेल्या लोखंडासमोर आठ-दहा तास उभे राहणारा, इचलकरंजीत यंत्रमागाच्या खडखडाटात रात्रपाळी काढणारा, उचल घेऊन मुकादमामागे ऊसतोडीला येणारा आणि थंडीत पहाटे फडात कोयता चालविणारा – यांच्या दुखऱ्या अंगाला विसावा देणारी दुसरी कोणती सोय या समाजाने केली आहे? पुरेशी झोप नाही, आजारात पगारी रजा नाही, संध्याकाळी जाऊन बसावे असे वाचनालय जवळ नाही. गुत्ता मात्र वाटेवर आहे. ज्याला औषध परवडत नाही, त्याच्यासाठी दारू हे स्वस्तातले वेदनाशामक होते.

परंतु प्रश्न येथेच संपत नाही. त्याच भट्टीसमोर, त्याच मजुरीवर राबणारे दहा जण असतात. त्यांतले काही मुळीच पीत नाहीत, काही अधूनमधून पितात, आणि एखाद-दुसराच व्यसनाच्या गर्तेत जातो. शोषण सर्वांचे सारखे, मग व्यसन एकालाच का? शिवाय ज्यांचे कसलेही शोषण होत नाही, असे बागायतदार, डॉक्टर, वकील आणि पुढारीही व्यसनी होतातच. केंद्र सरकारसाठी झालेल्या व २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात. त्यांतले साधारण पाचांपैकी एक जण व्यसनाधीन आहेत. उरलेल्या चौघांचे काय, याचा खुलासा केवळ वर्गसिद्धांतातून होत नाही.

तो खुलासा शरीरशास्त्र करते. जुळ्या भावंडांच्या व दत्तक मुलांच्या अभ्यासांतून असे दिसून आले आहे की, व्यसनाधीन होण्याच्या धोक्यातला सुमारे निम्मा भाग आनुवंशिक असतो. कोणाला थोड्याशा दारूनेच मळमळते, तर कोणाला भरपूर पिऊनही काही होत नाही. हा दुसरा माणूस ‘पचवतो’ म्हणून मित्रांत मिरवतो. वास्तविक धोका त्यालाच अधिक. रोज पिण्याने मेंदू दारूच्या गुंगीशी जुळवून घेतो आणि तिच्याविरुद्ध सतत ताणलेला राहतो. मग पूर्वीच्या मात्रेने भागत नाही. आणि दारू एकाएकी थांबली की तो ताण मोकाट सुटतो. काही तासांतच कंप व घाम, पहिल्या दोन दिवसांत फिट, दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास भ्रम, हा त्याचा क्रम वैद्यकाला चांगला ठाऊक आहे. योग्य औषधे आणि ब-१ जीवनसत्त्व दिले, तर हे दिवस सुखरूप पार पडतात. न दिल्यास माणूस दगावू शकतो. आमच्या साथीच्या बाबतीत आम्ही जे ‘नाटक’ समजलो, ते हे होते.

म्हणजे व्यसनी माणूस प्रारंभी ज्या कारणासाठी पितो, त्याच कारणासाठी पुढे पीत नाही. आधी तो थकव्यासाठी, दुःखासाठी, मित्रांसाठी पितो; नंतर तो केवळ हात थरथरू नयेत म्हणून पितो. या टप्प्यावर त्याला ‘का पितोस?’ असे दरडावून विचारणे म्हणजे दमेकऱ्याला ‘का धापा टाकतोस?’ असे विचारण्यासारखे आहे.

आता तिसरे कारण, ज्याच्यावर राज्यकर्ते कधी बोलत नाहीत : दारू त्याच्या दाराशी कोण आणून ठेवतो? आपला जिल्हा उसाचा. एक टन ऊस गाळला की सुमारे ४५ किलो मळी निघते आणि तिच्यापासून १० लिटरच्या आसपास अल्कोहोल तयार होते. आज त्यातला मोठा भाग पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठी जातो, हे खरे. परंतु पिण्याच्या दारूचा उगमही याच मळीत आहे. ज्या मजुराने ऊस तोडला, त्याच्याच झोपडीत ती बाटली होऊन परतते आणि त्याची मजुरी घेऊन जाते. आंबोलीच्या आणि गगनबावड्याच्या वाटेने चोरून येणारी गोवा बनावटीची दारू निराळीच.

आणि सरकार? भारतीय घटनेचे ४७ वे कलम दारूबंदीसाठी प्रयत्न करावयास सांगते. महाराष्ट्रात दारूच्या दुकानांना परवाने मिळतात, ते ज्या १९४९ च्या कायद्याखाली, त्याचे नावच दारूबंदीचा कायदा! आणि याच राज्याच्या मंत्रिमंडळाने जून २०२५ मध्ये मद्यावरील करांत वाढ करताना वर्षाला १४ हजार कोटी रुपयांचे वाढीव उत्पन्न अपेक्षिले. दारू महाग झाली तर खप काहीसा घटतो, म्हणून करवाढीला आमचा विरोध नाही. आमचा सवाल इतकाच की, या कोट्यवधींतून व्यसनी माणसाच्या उपचारावर किती खर्च होणार? वर उल्लेखिलेली पाहणीच सांगते की, दारूच्या व्यसनात अडकलेल्या ३८ जणांमागे जेमतेम एकाला कोणता ना कोणता उपचार मिळतो. उरलेल्या ३७ जणांसाठी आहेत नवस, माळा, शपथा आणि मार.

जोतीराव फुल्यांनी १८८० साली पुणे नगरपालिकेचे सभासद असताना शहरात वाढणाऱ्या दारूच्या दुकानांविरुद्ध लेखी तक्रार केली, तेव्हा त्यांनी बोट पिणाऱ्याकडे नव्हे, तर दुकानाला परवानगी देणाऱ्याकडे दाखविले. तो आपला वारसा आहे. मतदानाने बाटली आडवी करणाऱ्या गावोगावच्या भगिनींचा लढा त्याच वारशातला आहे आणि त्यांच्या पाठीशी पक्षाने निःशंकपणे उभे राहिले पाहिजे. दारूचा मार पाठीवर झेलणारी तीच आहे. नवऱ्याचा आजार समजून घ्या म्हणजे त्याची मारहाण सोसा, असे तिला कोणी सांगू लागला तर तो आपला नव्हे. आजाराला उपचार आणि मारहाणीला कायदा, दोन्ही हवेत.

मात्र दुकान बंद झाले की काम संपले, या भ्रमात राहू नये. चंद्रपूर जिल्ह्यात १ एप्रिल २०१५ पासून दारूबंदी आली आणि २०२१ साली सरकारनेच ती उठविली. अवैध दारू वाढल्याचे कारण तेव्हा पुढे करण्यात आले. अंमलबजावणीत कुचराई करावयाची आणि मग बंदीलाच दोष द्यावयाचा, ही सरकारी चलाखी उघड आहे. पण त्यातून आपणही एक गोष्ट शिकावी : दुकान बंद झाल्याच्या दुसऱ्याच दिवशी ज्यांचे हात थरथरू लागतात, त्यांची सोय न करता केलेली बंदी त्यांना हातभट्टीच्या दारी लोटते.

यावर कोणी साथी म्हणेल, ही सुधारणावाद्यांची कामे. व्यवस्था बदलली की व्यसन आपोआप जाईल. व्यवस्था बदलेपर्यंत हा माणूस जगणार आहे काय? पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता अवचट यांनी ‘मुक्तांगण’ उभे केले, साताऱ्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ‘परिवर्तन’चे काम उभारले. या मंडळींनी व्यसनी माणसाला आजारी माणूस मानले आणि घरच्या माणसांना उपचारात सामील करून घेतले. त्यांनी जे केले ते सरकारचे कर्तव्य होते. ते सरकारकडून करवून घेणे हे आपले राजकारण आहे.

म्हणून प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात दारू सोडविण्यासाठी मोफत खाटा आणि औषधे मिळाली पाहिजेत. व्यसनाच्या उपचारासाठी कामगाराला पगारी रजा मिळाली पाहिजे आणि उपचार घेतला म्हणून त्याची नोकरी जाता कामा नये, ही मागणी पुढच्या करारात युनियनने घातली पाहिजे. मद्याच्या महसुलातला ठरावीक हिस्सा कायद्यानेच उपचारासाठी राखून ठेवावा. आणि शाखांनी शपथा देणे आजपासून बंद करावे.

तो ओतकामगार आता दारू पीत नाही. मधल्या काळात दोनदा त्याचा पाय घसरला, दोन्ही वेळा तो पुन्हा उपचाराला गेला. पण आमच्या शाखेत तो परत आला नाही. त्याला ज्या बैठकीत उभे केले होते, त्या बैठकीचे अध्यक्षस्थान माझ्याकडे होते.