शेजाऱ्याचे काय होणार?

पेडणे आणि डिचोली तालुक्यांत दोतोर्न शिकवणाऱ्यांकडून येणाऱ्या पत्रांत एक तक्रार पुन्हा पुन्हा दिसते. दृढीकरणाच्या वर्गातली मुले पुस्तकात नसलेला एक प्रश्न विचारतात आणि फिर्गजीत त्याचे उत्तर द्यायला कोणी पुढे येत नाही. शाळेत एकाच बाकावर बसणारा मित्र, चतुर्थीला घरी बोलावून नेवऱ्या खाऊ घालणारी शेजारची काकू, आजीच्या मयताला धावून आलेली वाड्यावरची माणसे, ही सगळी बाप्तिस्म्याविना मेली तर त्यांचे पुढे काय? सासष्टीतल्या एखाद्या मोठ्या फिर्गजीत हा प्रश्न पुस्तकी राहू शकेल, नव्या काबिजादीत तो रोजचा आहे. हे तालुके अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात पोर्तुगिजांच्या हाती आले. जुन्या काबिजादीत सोळाव्या शतकात झाली तशी घाऊक धर्मांतरे इथे झाली नाहीत. म्हणून इथले ख्रिस्ती घर हिंदू वाड्यांच्या शेजाराने उभे आहे, आणि त्या घरातल्या मुलाला तारणाचा सिद्धांत भेटतो तोच ओळखीच्या चेहऱ्यांसह.

प्रश्न जुना आहे. जपानहून परतल्यावर, जानेवारी १५५२ मध्ये, फ्रान्सिस झेवियर यांनी कोचीनहून आपल्या संघाच्या युरोपातल्या बांधवांना पत्र लिहिले. त्यात जपानी नवख्रिस्तींच्या एका दुःखाची नोंद आहे. आपले मेलेले आईबाप नरकातून सुटतील का, आपल्या प्रार्थनेने, दानाने त्यांना काही पोहोचेल का, असे ती माणसे विचारत. काही उपाय नाही, हे उत्तर ऐकून रडत. त्यांचे रडणे पाहून आपल्यालाही दुःख होते, हे झेवियर यांनी लपवलेले नाही. तरी त्या काळच्या शिकवणीत त्यांच्यापाशी दुसरे उत्तर नव्हते. आपल्यापाशी आहे. २१ नोव्हेंबर १९६४ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने चर्चविषयीचा ‘लुमेन जेन्शियुम’ हा दस्तऐवज जाहीर केला. स्वतःचा दोष नसताना ज्यांना शुभवर्तमान ठाऊक नाही, पण जे सरळ मनाने देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाला कळते तसे वागायला झटतात, त्यांनाही देवाच्या कृपेने सार्वकालिक तारण मिळू शकते, असे त्याच्या सोळाव्या परिच्छेदात स्पष्ट म्हटले आहे. त्या दिवसाला बरोबर साठ वर्षे झाली तेव्हा, २१ नोव्हेंबर २०२४ रोजी, जुन्या गोव्यात झेवियर यांच्या अवशेषांचे दर्शन सुरू झाले. दर्शनाच्या रांगेत हिंदूही होते. त्यांच्याविषयी चर्च काय मानते, हे सांगायला याहून योग्य वेळ कोणती होती? तरीही दोतोर्नच्या वर्गातले मूल अजून तेच विचारते आहे आणि त्याला सांगितले जाते, ‘ते देवाला ठाऊक, तू आपला पाठ म्हण.’

या टाळाटाळीचे सर्वांत ठळक रूप फिर्गजीच्या कचेरीत दिसते. पेडण्या-डिचोलीत ख्रिस्ती मुलगी हिंदू मुलाशी लग्न करते, ख्रिस्ती मुलगा हिंदू मुलगी घरी आणतो. १९८३ च्या धर्मसंहितेतील कलम १०८६ नुसार अशा विवाहाला बिशपांची सूट लागते. कलम ११२५ नुसार ख्रिस्ती पक्षाने आपली श्रद्धा सोडणार नाही असे सांगायचे असते, मुलांचा बाप्तिस्मा व्हावा म्हणून होईल ते सर्व करीन असे वचन द्यायचे असते, आणि या वचनाची कल्पना दुसऱ्या पक्षाला द्यायची असते. नियम चुकीचा आहे, असे आमचे म्हणणे नाही. पण ही कल्पना दिली जाते कशी? सही कुठे करायची ते दाखवून. एक हिंदू कुटुंब आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच आणि एकदाच आपल्या धर्मगुरूंसमोर खुर्चीवर बसते. मुलाच्या आईच्या मनात असते, माझी नातवंडे माझ्या देवाला परकी होणार का? मुलीच्या मनात असते, माझ्या नवऱ्यासाठी मी केलेली प्रार्थना ऐकली जाईल का? याहून खोल आध्यात्मिक प्रश्न फिर्गजीत वर्षभरात दुसरा येत नसेल. आणि त्यावर आपण बाप्तिस्म्याचा दाखला सहा महिन्यांच्या आतला आहे का, एवढेच पाहतो. अर्ज पूर्ण होतो, शिक्का बसतो, आणि ती माणसे आपला प्रश्न जसा आणला तसाच घेऊन परत जातात. हे काम कारकुनाचे आहे. दीक्षा घेतलेल्या माणसाने त्यात स्वतःला दडवून घ्यावे, हे आम्हाला सहन होत नाही.

यावर एक आक्षेप ठरलेला असतो. शेजाऱ्यालाही तारण आहे असे सांगितले, तर बाप्तिस्म्याची गरज काय आणि सुवार्ता सांगायची कशाला? आक्षेप गंभीर आहे, पण तो सोळाव्या परिच्छेदाशी थांबणाऱ्याचा आहे. लागूनच असलेला सतरावा परिच्छेद सुवार्ता सर्वांपर्यंत नेण्याच्या जबाबदारीविषयीच आहे, आणि परिषदेला या दोहोंत विसंगती वाटली नाही. भीती घालून सांगितलेली सुवार्ता आणि मिळालेला आनंद वाटावा म्हणून सांगितलेली सुवार्ता यांतला फरक पंधरा वर्षांच्या मुलाला कळतो. तो आपण समजावून द्यायला हवा. दुसरा आक्षेप आजच्या हवेचा आहे. हिंदू कुटुंबाशी श्रद्धेविषयी बोलायला बसले की कोणी धर्मांतराचा आरोप करील. पण समोरच्याने विचारलेल्या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणे म्हणजे कोणाला ओढून आणणे नव्हे. उलट मौनामुळेच संशय वाढतो, कारण अर्जावरचे ते वचन कोणी न समजावता वाचले की धमकीसारखे दिसते.

भाषेचा मुद्दा आम्ही मुद्दाम वादात ओढत नाही, पण टाळतही नाही. या दोन तालुक्यांतली कितीतरी मुले मराठी प्राथमिक शाळेत शिकली आहेत, देवनागरी वाचतात. आपली धर्मपुस्तके मात्र रोमी लिपीत किंवा इंग्रजीत येतात. थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ साली राशोलला ‘क्रिस्तपुराण’ छापले ते रोमन अक्षरांत, पण लिहिले मराठी ओवीत, आणि तेही लोकांनी मागितले म्हणून. त्या ग्रंथात ऐकणारे मध्येच उठून शंका विचारतात आणि पाद्री त्यांना उत्तर देतात. चारशे वर्षांपूर्वीच्या पाद्रीने श्रोत्याच्या शंकेला ग्रंथात जागा दिली. आपल्या रविवारच्या प्रवचनात ती नाही. कोणी विचारत नाही अशा प्रश्नांची उत्तरे देत बसू नका, असे पोप फ्रान्सिस यांनी २०१३ च्या ‘एव्हांजेली गौदियुम’मध्ये प्रवचनकारांना बजावले आहे. ते पान आपल्यापैकी अनेकांनी वाचलेले असणार.

तेव्हा फादर, सिस्टर, दोतोर्नच्या शिक्षकांनो, या महिन्यापासून सुरुवात करा. मिश्र विवाहाचा अर्ज आला की सही घेण्याआधी दोन्ही घरांच्या माणसांना बोलवा, अर्ज खणात ठेवा आणि तासभर त्यांचे ऐका. दृढीकरणाच्या वर्गात मुलांना नाव न घालता प्रश्न लिहून द्यायला सांगा, देवनागरीत लिहिले तरी चालेल. सोळावा आणि सतरावा परिच्छेद त्यांच्यासमोर मोठ्याने वाचा, अर्थ त्यांच्या बोलीत सांगा. ज्यांची उत्तरे तुम्हाला येत नाहीत ते प्रश्न आमच्याकडे पाठवा. आम्ही ते राशोल सेमिनरीतल्या अध्यापकांपुढे ठेवू आणि आलेली उत्तरे याच पानांवर देवनागरीत छापू.