उज्जैनचे मुहूर्त, देशाची मिनिटे

उज्जैनच्या जंतरमंतरात सम्राट यंत्राची तिरकी भिंत उन्हात उभी आहे. तिची सावली बाजूच्या वक्र पट्टीवर सरकते आणि खुणांवरून वेळ वाचता येते. मनगटावरच्या घड्याळाशी मात्र ती जुळत नाही. फेब्रुवारीच्या मध्याला ती सुमारे 41 मिनिटे मागे असते, नोव्हेंबरच्या सुरुवातीला जेमतेम दहा-अकरा. यंत्र बिघडलेले नाही. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशाची आणि उज्जैन त्याच्या बरेच पश्चिमेला, म्हणून 27 मिनिटांचा फरक कायमचाच. वरचा चढउतार पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेचा आणि कललेल्या आसाचा.

याच वेधशाळेत 29 फेब्रुवारी 2024 रोजी विक्रमादित्य वैदिक घड्याळाचे उद्घाटन झाले. मनोरा 85 फुटांचा; त्याची उंची आजही फुटांतच सांगतात. सूर्योदयापासून सूर्योदयापर्यंत 30 मुहूर्त, एकेक मुहूर्त 48 मिनिटांचा. तेव्हापासून वाद सुरू आहे. कुणाला हे परक्या कालगणनेला उत्तर वाटते, कुणाला निव्वळ मागे जाणे.

दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. घड्याळ कधी दशमान झालेच नाही. फ्रान्सने 1793 मध्ये दहा तासांचा दिवस आणि शंभर मिनिटांचा तास करून पाहिला. 1795 मध्येच त्याची सक्ती उठवावी लागली. आपल्याकडे 60 विपळांचे पळ, 60 पळांची घटका, 60 घटकांचा दिवस. लग्नात पाण्यावर घटिकापात्र तरंगत असे, ते बुडले की 24 मिनिटे झाली. साठाचा हिशेब इकडेही आणि तिकडेही. मग भांडण कशाचे?

वजनमापांची गोष्ट वेगळी. तिथे दशमान पद्धतीने गरिबाचे खरेच भले केले. ऐंशी तोळ्यांचा शेर म्हणजे सुमारे 933 ग्रॅम, पण हा झाला सरकारी शेर. बाजारात कच्चा शेर वेगळा, पक्का वेगळा. धान्य मापाने भरायचे की काट्यावर तोलायचे, याचा घोळ निराळाच. ज्याला हे फरक कळत नसत, त्याचाच माल कमी भरे. 1956 चा कायदा आला, ऑक्टोबर 1958 पासून किलो टप्प्याटप्प्याने बाजारात उतरला आणि गावोगावचा काटा एका भाषेत बोलू लागला. भाजीवाल्याकडे आपण अजूनही पावशेर मिरच्या मागतो, मिळतात अडीचशे ग्रॅम. सोन्याचा तोळा मात्र 11.66 ग्रॅमवरून सराफी बोलण्यात 10 ग्रॅमवर आला. शब्द तोच राहिला, माप घटले. म्हणून पावतीवर ग्रॅमच हवेत.

वेळेलाही हाच निकष लावावा. अनोळखी माणसांमधला व्यवहार असेल तिथे सर्वांना एकच माप हवे. उज्जैनला जूनमध्ये पावणेसहाच्या आसपास उजाडते, जानेवारीत सात वाजून गेल्यावर. रोज सरकणाऱ्या शून्यावर रेल्वेचे वेळापत्रक बसवता येणार नाही. पण पंचांगाचा दिवस सूर्योदयालाच सुरू होतो. उदयकाळची तिथी कोणती, हे स्थळाप्रमाणे बदलू शकते आणि ते गणित प्रमाणवेळेवर थांबून सुटत नाही. भारतीय ज्योतिषाने आपली मध्यरेषा उज्जैनवरून धरली ती उगाच नव्हे. जंतरमंतरातली ही यंत्रे सवाई जयसिंगांनी अठराव्या शतकात उभारली. मोडकळीला आल्यावर 1923 मध्ये ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती दुरुस्त करवली आणि गोविंद सदाशिव आपटे यांच्यासारख्या मराठी ज्योतिर्गणितज्ञाने इथे अधीक्षक म्हणून काम पाहिले. त्यांच्या कामाचे मोल आकाशाशी मेळ घालण्यात होते.

वैदिक घड्याळाचा खरा उपयोगही तिथेच आहे. मनोऱ्याखाली एक फळा लावावा, रोज सकाळी त्या दिवसाचा सूर्योदय खडूने लिहावा. साडेसहाला उजाडले आणि तीन मुहूर्त उलटले, तर आठ वाजून चोपन्न मिनिटे झाली, हे सहावीतल्या मुलाने स्वतः मांडून पाहावे. मग त्याला सम्राट यंत्राकडे न्यावे, सावली वाचायला लावावी, त्यात त्या दिवसाची दुरुस्ती मिळवायला सांगावी आणि शेवटी हातातले घड्याळ बघू द्यावे.